कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम : पेठेचा झेंडा, तालमीची ईर्षा

दिवाळीचा फराळ संपत आला, की कोल्हापुरातील पेठापेठांत एकाच विषयाचा खल सुरू होतो. यंदा कोणता खेळाडू कोणत्या संघाकडून नोंदणी करणार? तालमीच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, रंकाळ्यावरील फेरफटक्यात याचीच चर्चा असते. अमका आघाडीपटू शेजारच्या पेठेत गेला, अशी अफवा सकाळी उठते आणि सायंकाळपर्यंत तिचे खंडनही होते. शहराबाहेरच्या माणसाला हे सारे गमतीचे वाटेल. तथापि, पुढील सहा-सात महिने हजारो कोल्हापूरकरांच्या दुपारी कशा जाणार, हे त्या नोंदणीवर ठरत असते.

भारतीय फुटबॉलचा नकाशा काढायचा झाल्यास कोलकाता, गोवा, केरळ आणि ईशान्येकडील राज्ये प्रथम डोळ्यांपुढे येतात. महाराष्ट्रात मुंबईचे नाव घेतले जाते. मुंबईला गिरण्या, बँका, रेल्वे, नौदल अशा संस्थांच्या संघांचे बळ होते. कोल्हापूरकडे यांपैकी फारसे काही नव्हते. येथे संघ उभे राहिले ते गल्लीतून आणि पेठेतून, लोकांच्या वर्गणीवर. प्रेक्षकही तेथलेच. व्यावसायिक फुटबॉलच्या प्रत्येक नव्या प्रयोगात प्रेक्षक कसा मिळवायचा, हा पहिला प्रश्न असतो. कोल्हापुरात तो कधीच पडला नाही. येथे प्रश्न पडतो तो प्रेक्षकाला आवरायचे कसे, हा.

कुस्तीच्या मातीतून

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला राजाश्रय सर्वश्रुत आहे. १९१२ मध्ये खुले झालेले खासबाग मैदान त्याची साक्ष देत आजही उभे आहे. पेठोपेठी तालमी होत्या, तांबड्या मातीचे हौदे होते आणि संस्थानभरातून आलेले मल्ल त्यांत घाम गाळत होते. शाहू महाराजांच्या निधनानंतर, १९२२ मध्ये गादीवर आलेल्या राजाराम महाराजांनी फुटबॉलसह मैदानी खेळांना उत्तेजन दिले. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे कोल्हापूरकरांच्या तोंडी असलेल्या ‘केएसए’ची स्थापना झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले. छत्रपती घराण्याचा या खेळाशी असलेला संबंध मात्र तुटला नाही. शाहू छत्रपती आणि मालोजीराजे छत्रपती यांनी केएसएचे नेतृत्व केले आहे. मालोजीराजे २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवरही निवडून गेले. शाहू छत्रपती २०२४ मध्ये कोल्हापुरातून लोकसभेवर निवडून आले.

या फुटबॉलचे घर म्हणजे राजर्षी शाहू स्टेडियम. ते जेथे आहे, तेथे पूर्वी रावणेश्वर तलाव होता. कोल्हापूर हे मुळात तळ्यांचे गाव. त्यांतली अनेक तळी गेल्या शतकात बुजविण्यात आली. कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले आणि रावणेश्वराच्या जागी गोलपोस्ट उभे राहिले. पर्यावरणाच्या अंगाने हा सौदा तोट्याचाच म्हणावा लागेल. पण दाट वस्तीच्या जुन्या शहराला आपल्या मधोमध एक मोठे मैदान मिळाले आणि पेठेतून चालत जाऊन सामना पाहण्याची सोय झाली, हेही खरे. स्टेडियम गावाबाहेर असते, तर ही परंपरा एवढी मुरली असती का, याची शंका वाटते.

तालीम नावाची संस्था

कोल्हापूरच्या संघांची नावे वाचली, तरी त्यांचे मूळ कळते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, ऋणमुक्तेश्वर तालीम, वेताळमाळ तालीम. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, प्रॅक्टिस क्लब, झुंजार क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ, सम्राटनगर स्पोर्ट्स आणि कोल्हापूर पोलिस असे संघ. युरोपातील क्लबांची नावे शहरांवरून पडली. येथे ती देवळावरून, पेठेवरून किंवा व्यायामशाळेवरून पडली आहेत.

तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा, अशी समजूत असेल, तर कोल्हापूरचे निम्मे शहर समजलेच नाही, असे म्हणावे लागेल. तेथे मारुतीची मूर्ती असते, गणेशोत्सव असतो, शिवजयंती असते. अनेक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात आणि त्यांची व्यवस्था सर्व धर्मांचे लोक मिळून पाहतात. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत गणेशोत्सव आणि मोहरम एकाच काळात आले, तेव्हा काही तालमींत गणपती आणि पंजे शेजारी शेजारी होते. त्याची शहराबाहेर बातमी झाली. पेठेला त्यात विशेष काही वाटले नाही. कोणाच्या घरी मयत झाली, कोणाला तातडीने रक्त हवे असले, ऑगस्ट २०१९ सारखा महापूर आला, की तालमीची पोरे सर्वांत आधी धावतात.

फुटबॉल संघ या व्यापाचाच एक भाग आहे. त्यामुळे संघाची हार केवळ अकरा खेळाडूंची राहत नाही. ती गल्लीची हार होते. मातीतल्या कुस्तीचे दिवस मागे पडले, कित्येक तालमींतले हौदे बंद झाले किंवा त्यांच्या जागी व्यायामाची यंत्रे आली. कुस्तीतली ईर्षा मात्र गेली नाही. ती हिरवळीवर आली. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ या दोन मोठ्या पेठांमधली चुरस तर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. एका पेठेतही सारे गुण्यागोविंदाने असते असे नाही. शिवाजी पेठेतच खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ आणि संध्यामठ असे संघ आहेत आणि त्यांच्या आपसांतल्या सामन्यांना धार काही कमी नसते. भावकीतले भांडण अधिक कडवे असते, हे कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको.

हंगामाची घडण

हंगामाची सुरुवात नोंदणीने होते. प्रत्येक संघाला आपले खेळाडू केएसएकडे ठरलेल्या मुदतीत नोंदवावे लागतात. बाहेरचे आणि परदेशी किती खेळाडू घेता येतील, याला मर्यादा असते आणि ती वेळोवेळी बदलत आली आहे. संघ बदलायचा असेल, तर खेळाडूला तो याच काळात बदलावा लागतो. कोणी सही केली, कोणी मन बदलले, कोणाला कोणत्या गाडीतून नोंदणीला नेण्यात आले, याच्या कथा वर्षभर सांगितल्या जातात. त्यांत खरे किती आणि तिखट-मीठ किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

त्यानंतर येते लीग. वरिष्ठ गटात सोळा संघ असतात आणि ते साखळी पद्धतीने खेळतात. जगात सर्वत्र आहे, त्याप्रमाणे विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. गुणतक्त्याच्या वरच्या भागातील संघ विजेतेपदासाठी, तर खालच्या भागातील संघ गटातले स्थान टिकविण्यासाठी झुंजतात. वरच्या आठ संघांना ‘सीनियर सुपर आठ’ म्हणण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. वरिष्ठ गटाखाली आणखी गट आहेत. तळाच्या संघांना खाली जावे लागते आणि खालच्या गटातले विजेते वर येतात. लीग जिंकणाऱ्या संघाचे कौतुक मोठे होते, पण वरिष्ठ गटातून घसरलेल्या संघाच्या तालमीत जी शांतता पसरते, तिची तुलना कशाशीही करता येत नाही. पुढच्या वर्षी वर्गणी मागायला जायचे कोणत्या तोंडाने, असा प्रश्न कार्यकर्त्यांपुढे उभा राहतो.

लीग संपली, की ‘चषकां’चा मोसम सुरू होतो. या स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या असतात. हरला तो बाहेर. बरोबरी झाली, तर टायब्रेकर. सतेज चषक, अटल चषक, चंद्रकांत चषक, महापौर चषक, अस्मिता चषक अशी नावे वर्षानुवर्षे कानावर आली आहेत. नावांवरून लक्षात येईल, की येथे राजकारण मैदानाबाहेर थांबत नाही. काँग्रेसचे सतेज पाटील आणि भाजपचे अटलबिहारी वाजपेयी एकाच गवतावर, एकाच हंगामात नांदतात. महापौर चषकाची गोष्ट जरा वेगळी. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्यानंतरची पाच वर्षे शहराला महापौरच नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, तेव्हा ही कोंडी फुटली.

वेळापत्रक आखणे हे काम बाहेरून वाटते तितके सोपे नाही. वरिष्ठ गटाचे सारे महत्त्वाचे सामने एकाच मैदानावर होतात. सायंकाळच्या उजेडात बसतील असे दिवसाला दोन सामने, एक दुपारी व दुसरा चार वाजता, हा नेहमीचा क्रम. त्यात दहावी-बारावीच्या परीक्षा येतात, विद्यापीठाच्या परीक्षा येतात. निवडणुका लागल्या, की पोलिस बंदोबस्त मिळत नाही आणि बंदोबस्ताविना सामना घेणे अशक्य. यात्रा-जत्रांनाही बंदोबस्त हवाच असतो. शेवटी जूनमध्ये पाऊस सुरू झाला, की मैदान हातचे जाते. एखादी स्पर्धा पंधरा दिवस पुढे ढकलली, तर शेवटच्या चषकाचा बळी जातो. मार्च २०२० मध्ये तर करोनाच्या साथीने ऐन भरातला हंगामच थांबविला आणि पुढच्या वर्षाचीही घडी विस्कटली.

सामन्याचा दिवस

दोन बलाढ्य संघांची गाठ असली, की त्या दिवशी पेठेतील दुकानांचे शटर दुपारीच अर्धे खाली येते. रिक्षा थांब्यावर रिक्षा असतात, चालक नसतात. गांधी मैदानाकडून, मिरजकर तिकटीकडून, रंकाळ्याकडून घोळके निघतात. तिकीट काढून आत शिरायचे आणि आपल्या संघाचा ठरलेला कोपरा गाठायचा. कोणाचे समर्थक कोठे बसतात, हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ते पाळले जाते. वडील ज्या पायरीवर बसत, तेथेच मुलगा बसतो. हलगी, घुमके आणि पिपाण्या यांचा गजर पंचांच्या शिट्टीलाही दाद देत नाही.

या प्रेक्षकाला खेळ कळतो, हे त्याचे वैशिष्ट्य. ऑफसाइडचा निर्णय चुकला, तर तो पंचांच्या आधी ओरडतो. अर्थात, आपल्या संघाविरुद्धचा प्रत्येक निर्णय चुकलेलाच असतो, ही त्यातली अडचण. प्रतिस्पर्धी खेळाडूने अप्रतिम गोल केला, तर क्षणभर शांतता पसरते, एखादा म्हातारा नकळत मान डोलावतो आणि लगेच आजूबाजूला पाहून घेतो. सामना संपला, की विजयी संघाची मिरवणूक पेठेत शिरते. पराभूत संघाचे खेळाडू बाजूच्या दाराने, डोक्यावर टॉवेल घेऊन निघून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांपैकीच कोणी महाविद्यालयात, कोणी उद्यमनगरातल्या कारखान्यात, कोणी सराफाच्या पेढीवर हजर असतो.

विश्वचषकाच्या वर्षी तर पेठांचे रंगच बदलतात. ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे ध्वज चौकाचौकांत लागतात, खेळाडूंचे कटआउट उभे राहतात. १८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये अर्जेंटिनाने फ्रान्सला टायब्रेकरमध्ये हरविले, त्या रात्री कोल्हापुरात फटाके वाजले. ज्यांनी आयुष्यात विमान पाहिले ते उजळाईवाडीच्या विमानतळावर, तेही मेस्सीच्या डाव्या पायाविषयी अधिकारवाणीने बोलत होते.

पैसा आणि बाहेरचा खेळाडू

पूर्वी संघ पेठेतल्या मुलांचाच असे. बूट मंडळ देई, सामन्याआधी दूध-केळी आणि सामन्यानंतर मिसळ, एवढाच व्यवहार. गेल्या पंधरा-वीस वर्षांत चित्र बदलले. आधी इतर पेठांतले, मग मुंबई-पुणे-गोव्याचे आणि पुढे आफ्रिकी देशांतले, विशेषतः नायजेरियाचे खेळाडू तालमींच्या पोशाखात दिसू लागले. खंडोबाच्या किंवा पाटाकडीलच्या जर्सीतला उंचापुरा परदेशी आघाडीपटू प्रथम उतरला, तेव्हा त्याला पाहायलाच निम्मे प्रेक्षक आले असतील. आता त्याचे कोणाला नवल उरलेले नाही. त्यांपैकी काहींनी भाकरी-मटणाची चव घेतली, मोडकी मराठी आत्मसात केली आणि पेठेने त्यांना आपलेसे केले.

त्यामुळे खेळाचा वेग वाढला, शारीरिक ताकद वाढली, हे मान्य करावे लागेल. स्थानिक बचावपटूंना अधिक कसदार आघाडीला तोंड द्यावे लागले. पण खर्चही वाढला. खेळाडूंचे मानधन, निवास, जेवण, प्रवास, परदेशी खेळाडूची व्हिसा आणि आंतरराष्ट्रीय हस्तांतराची कागदपत्रे, या साऱ्याचा भार उचलताना वर्गणी पुरत नाही. मग पुरस्कर्ते शोधावे लागतात. ते बहुधा राजकारणातले, बांधकाम व्यवसायातले किंवा पेठेतून वर गेलेले उद्योजक असतात. त्यांचा उत्साह टिकला, तर संघ टिकतो. आणि पेठेतला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, ज्याच्यासाठी हे सारे सुरू झाले होते, तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून सामना पाहतो. केएसएने बाहेरच्या खेळाडूंवर मर्यादा घातली, तिच्यामागे ही तक्रार होती. मर्यादा घातली, की बलाढ्य संघ कुरकुरतात आणि सैल केली, की लहान संघ. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त आहे.

असाच पेच जगाच्या दुसऱ्या टोकाला, फार मोठ्या प्रमाणावर, पाहायला मिळतो. अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हटले, की लंबगोल चेंडू, शिरस्त्राणे आणि खांद्यावर गाद्या बांधलेले खेळाडू असा निराळाच खेळ समोर येतो. तेथील महाविद्यालयांच्या संघांचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि डिसेंबरच्या आरंभी नियमित सामने संपतात. संघाला साधारण बारा सामने मिळतात. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर येथील स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. एवढे लोक व्यावसायिक संघासाठी जमत नाहीत. विद्यापीठाच्या रंगांसाठी जमतात. खेळाडू येतात आणि तीन-चार वर्षांत जातात, जर्सी तीच राहते. कोल्हापूरच्या पेठकराला हे लगेच उमजेल.

त्या खेळाडूंनी शिष्यवृत्तीपलीकडे पैसा घेऊ नये, असा तेथला दंडक कित्येक दशके होता. स्टेडियम, दूरचित्रवाणी आणि प्रशिक्षक यांच्याकडे कोट्यवधी डॉलर जात असताना खेळाडू मात्र ‘हौशी’ राहिला. जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर कमाई करण्याची मोकळीक मिळाली आणि २०२५ मध्ये महाविद्यालयांनी खेळाडूंना थेट मोबदला देण्याचा मार्ग न्यायालयीन तडजोडीने खुला झाला. महाविद्यालय बदलणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारी व्यवस्था २०१८ पासून आहे. तेव्हापासून दर हिवाळ्यात कोण कोठे चालला, याच्या बातम्यांचा तेथे पूर येतो. दिवाळीनंतरच्या कोल्हापूरची आठवण व्हावी, असेच ते दृश्य. निष्ठा आणि मोबदला यांचा मेळ तेथेही अजून बसलेला नाही. फरक एवढाच, की तेथे खेळाडूशी लेखी करार होऊ लागले आहेत. येथील तालमीत अजून बहुतांशी शब्दावर भागते.

हुल्लडीचे ग्रहण

ज्या ईर्षेवर हा हंगाम उभा आहे, त्याच ईर्षेने तो अनेकदा मोडलाही आहे. मैदानात खेळाडूंची झटापट होते, तिचे पडसाद प्रेक्षकांत उमटतात, बाटल्या आणि दगड पडतात, पोलिसांना लाठी उगारावी लागते. सामना संपल्यावर पेठांच्या वेशीवर दोन गट समोरासमोर येतात. वाहनांची तोडफोड होते. गुन्हे दाखल होतात. अशा प्रकारांमुळे सामने अर्धवट सोडावे लागले आहेत, स्पर्धा स्थगित झाल्या आहेत. पोलिसांनी परवानगी आखडती घेतली आहे आणि केएसएने संघांवर व खेळाडूंवर कारवाईही केली आहे.

मोबाइल आल्यावर यात नवी भर पडली. पूर्वी टोमणा कट्ट्यावर मारला जाई आणि तेथेच विरे. आता तो चित्रफितीसह रात्रभर फिरतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शंभर जणांचा अपमान झालेला असतो. ज्यांनी हे पेटविलेले असते, ते अनेकदा मैदानात येतही नाहीत. गुन्हा दाखल होतो, तो मात्र गॅलरीत सापडलेल्या मुलावर. नोकरीसाठी किंवा पारपत्रासाठी चारित्र्य पडताळणीची वेळ आली, की त्या एका दुपारची किंमत त्याला कळते. पोलिस भरतीची तयारी करणारी कितीतरी मुले याच पेठांत आहेत, हे लक्षात घेतले, म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल.

सरसकट बंदी हा यावरचा सोपा उपाय आहे आणि तो प्रत्येक वेळी सुचविला जातो. परंतु बंदीचा पहिला फटका खेळाडूला बसतो. हुल्लड करणाऱ्याला पुढच्या वर्षीही बसायला पायरी मिळते. बाविशीतल्या खेळाडूचा गेलेला हंगाम परत येत नाही. म्हणून संघांना जबाबदार धरणे, समर्थकांची हमी घेणे, ओळख पटविण्यासाठी कॅमेरे लावणे, गुण वजा करणे, असे मार्ग अधिक परिणामकारक ठरतात. गुण गेल्याची झळ तालमीला लागते आणि मग तालमीतले वडीलधारे स्वतःच पोरांचे कान धरतात. पोलिसांच्या काठीपेक्षा त्या कानपिळीचा धाक पेठेत जास्त आहे.

पेठेच्या वेशीबाहेर

इतके प्रेक्षक आणि इतके संघ असताना देशपातळीवर पोचलेले कोल्हापूरकर फुटबॉलपटू मोजके का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. अनिकेत जाधव हे त्यातले ठळक नाव. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये भारताचा संघ सतरा वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध उतरला, तेव्हा कोल्हापूरचा हा आघाडीपटू त्यात होता. भारताने तो सामना तीन गोलांनी गमावला. पण फिफाच्या विश्वचषकात भारताचा कोणताही संघ खेळण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे अनिकेत इंडियन ॲरोज, जमशेदपूर आणि हैदराबाद या संघांकडून खेळला.

त्याची वाट पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. तो लहान वयातच कोल्हापूर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. पद्धतशीर प्रशिक्षण, आहार, वयोगटाच्या स्पर्धा हे सारे त्याला तेथे व पुढे मिळत गेले. पेठेतल्या फुटबॉलमध्ये मुलाला चेंडूवर प्रेम करायला शिकविले जाते, गर्दीसमोर न डगमगता खेळायला शिकविले जाते. पण बारा ते सोळा या वयात लागणारी शिस्तबद्ध घडण वरिष्ठ संघांच्या चुरशीत मागे पडते. तालमीचा सारा पैसा आणि सारे लक्ष या वर्षीच्या चषकावर असते. चौदा वर्षांच्या मुलावर केलेला खर्च सहा वर्षांनी फळ देणार. तोवर कार्यकारिणी दोनदा बदललेली असते.

शाळांनी ही उणीव काही प्रमाणात भरून काढली आहे. शालेय फुटबॉलमध्ये महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळांनी नाव कमावले आणि तालमींना खेळाडू पुरविले. शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खेळणारी बरीच मुले हीच. सकाळी महाविद्यालयाचा संघ, दुपारी तालमीचा सराव, अशी त्यांची ओढाताण होते आणि दोन्ही सामने एकाच आठवड्यात आले, तर कोठे जायचे, हे सांगण्याची गरज नसते. महाविद्यालयाचा संघ हरला, तर शारीरिक शिक्षण संचालकांना वाईट वाटते. तालमीचा हरला, तर आईही जेवायला वाढताना बोलत नाही. मुलींच्या फुटबॉललाही शाळा-महाविद्यालयांनीच आधार दिला. तालमींची दारे त्यांच्यासाठी मुलांइतकी सताड उघडलेली नाहीत.

स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा साऱ्या जिल्ह्याने त्याची मिरवणूक काढली. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, वीरधवल खाडे हे सारे कोल्हापूरचेच. या वैयक्तिक खेळांमागे कुटुंब, एखादा प्रशिक्षक आणि अबोल कष्ट असतात. पाहायला कोणी येत नाही. फुटबॉलला मात्र वर्षानुवर्षे हजारो डोळे लाभले आहेत. त्यांतून खेळाडूची उपजीविका उभी राहिलेली नाही. पोलिस किंवा एखाद्या सरकारी खात्यातली नोकरी ही अजूनही बहुतेकांची सर्वोच्च आकांक्षा आहे. गुडघ्याचा लिगामेंट तुटला, तर शस्त्रक्रियेसाठी पुन्हा तालमीतच डबा फिरतो.

पावसाची हजेरी

मेअखेरीस वळवाचे ढग जोतिबाच्या डोंगराकडून येऊ लागतात. शेवटच्या चषकाचा अंतिम सामना त्याआधी उरकण्याची घाई सुरू होते. कधी दुसऱ्या सत्रात सर येते, गोलपोस्टजवळ डबके साचते आणि चेंडू अर्ध्यावर थांबतो. पायऱ्यांवरचे कोणी हलत नाही. छत्र्या उघडल्या, तर मागच्यांच्या शिव्या खाव्या लागतात. सामना संपला, की मैदान गवतासाठी मोकळे सोडले जाते.

मग तालमीत हिशेबाची वही निघते. कोणाची देणी राहिली, कोणत्या पुरस्कर्त्याने शब्द दिला आणि पाळला नाही, बाहेरच्या खेळाडूच्या खोलीचे भाडे कोणी भरायचे, यावर दोन-चार रात्री वादावादी होते. पंचगंगेची पातळी वाढू लागली, की वही बाजूला पडते. त्यानंतर गणपतीची वर्गणी, मग नवरात्र, मग दिवाळी. दरम्यान गांधी मैदानावरच्या चिखलात आठ-दहा वर्षांची पोरे दगडांचे गोलपोस्ट करून खेळत असतात. अंगावरच्या जुन्या जर्सीवर कोणत्या तालमीचे नाव आहे, हे मात्र त्यांनी घरून निघतानाच पाहून घेतलेले असते.